पापण्या लावणारी मित्रा

माझ्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एका बाईनं पडदा ओढून घेतला, आवाज खाली केला आणि मला विचारलं, "काकू, दिवस-गिवस तर नाही ना गेले?"

माझ्या मुलाचं, निखिलचं, लग्न महिन्यावर आलं होतं. गुडघ्यांमुळे मी जिना एकेक पायरी थांबत चढत होते. मी म्हटलं, "मित्रा, आधी स्वतःचे डोळे तपासून घे बाई."

"सगळ्याइले विचारते मी. हो का नाही, एवढंच सांगा."

"नाही."

"मग बसा."

खरं सांगायचं तर त्या प्रश्नानं मी दोन दिवस खुशीत होते. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिला चष्मा लागला असेल."

मित्रा म्हणजे संघमित्रा. आम्ही राहतो त्या बेशाला, आमच्या घरासमोर दुमजली घर आहे, त्याच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. भुवया, फेशियल, मेंदी सगळंच करायची, पण नाव होतं ते पापण्यांसाठी. खोटी पापणी, एकेक केस चिमट्यानं उचलून, खऱ्या पापणीच्या केसाला ग्लूनं चिकटवायची. दोन तासांचं काम. बाई लहानखुरी, केस मागे घट्ट बांधलेले, ॲप्रनच्या खिशात चार चिमटे. स्वतःच्या डोळ्यांना कधी काजळसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायची, "माह्याकडे पाह्यला कोण येते? येते तो डोळे मिटूनच असते."

तिच्याकडे गेलं की पहिल्या दिवशी काम व्हायचंच नाही. कानामागे ग्लूचा एक ठिपका लावायची आणि म्हणायची, "परवा या. खाजलं, लाल झालं तर येऊच नका, फोन करा." बायका कुरकुरायच्या. बाजूच्या गल्लीतल्या चकचकीत पार्लरमध्ये असलं काही नव्हतं, तिथं गेलं की लगेच आडवं करायचे. मित्रा म्हणायची, "जा न मग तिकडे. मी कुठं पकडून ठेवलं?" आणि परवा त्याच बाया परत यायच्या.

दुसरी तऱ्हा खिडकीची. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, ही खिडकी सताड उघडी ठेवायची आणि कूलरची हवा अशी सोडायची की ग्लूचा वास बाहेर जाईल. गिऱ्हाईक घामानं भिजून निघे. मी एकदा म्हटलं, "अगं एसी लाव." तर म्हणाली, "वास तोंडावर नाही आला पाह्यजे. घाम पुसता येते."

तिसरी तऱ्हा म्हणजे काम चालू असताना ती अवाक्षर बोलत नसे आणि गिऱ्हाइकालाही बोलू देत नसे. पापणी हलते म्हणे. डोळे बंद आणि तोंडही बंद, असे सलग दोन तास मी आयुष्यात त्या एकाच खुर्चीत काढले. लग्नाच्या फोटोंत मी दचकलेल्या गाईसारखी दिसते, पण तो दोष मित्राचा नाही. पापण्या उत्तम आहेत. त्यांच्यामागे मी आहे.

तर तो पडद्यातला प्रश्न. ती तो खरंच सगळ्यांना विचारायची. आमच्या कॉलनीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई सत्तरीच्या. त्यांनाही विचारला. त्या संध्याकाळी बागेत दोन फेऱ्या जास्त चालल्या. विचारताना खोलीत दुसरं कोणी चालत नसे. सासू असो, आई असो, जिवाभावाची मैत्रीण असो, "तुमी जरा बाहेर बसा" म्हणून पडद्याबाहेर काढायची. पुष्कळजणींना तो अपमान वाटे. मलाही वाटायचा, कारण आत काय बोललं जातं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यामागची गोष्ट तिनं मला एकदा चहा पिताना सांगितली. ती मूळची कोराडीची. वडील वीज केंद्रात कामाला होते, तिथल्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये ती लहानाची मोठी झाली आणि तिथंच हे काम करायला लागली. एकदा एक नवी सून सासूबरोबर आली. हिनं सरळ सासूसमोर विचारलं, दिवस गेलेत का म्हणून. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "नाही" म्हणाली, पण मान वर न करता.

"मले समजलं न काकू. घरात सांगितलं नसन अजून. तीन महिने होईपर्यंत आपल्याकडे कोणी सांगते का? आता मी काय करू? खोटं पाडू तिले सासूसमोर?"

"मग गं?"

"म्हणलं, ग्लू खराब निघाला, उद्या या. त्या सासूनं मले धुतलं बाप्पा! म्हणे, दुकान मांडून काहून बसली? ऐकून घेतलं. तवापासून पडदा."

मी विचारलं, "पण एवढं काय होतं गं त्यात? बाळाला त्रास होतो का?"

"बाळाले होते, असं मी म्हणत नाही. मी तीन डॉक्टरीणबायाइले विचारलं. त्याबी तसं म्हणत नाहीत. पण ह्या दिवसांत अंग आपलं नाही राहत काकू. काल चाललं ते आज चालनच, असं नाही. डोळे सुजले त मंग औषध देतानाबी डॉक्टर दहा वेळा विचार करन. त्या बाईच्या जिवाले किती घोर! हौसेच्या पायी कशाले?"

म्हणून तिचे नियम होते. पहिले तीन महिने नाहीच. नंतर डॉक्टरांना विचारून यायचं. आधी कितीही वेळा पापण्या लावल्या असल्या तरी कानामागे नवा ठिपका, दोन दिवसांची वाट. आणि औषधानं पापण्या वळवून घ्यायचं म्हटलं तर त्याला बाळंत होईपर्यंत बंदीच. "धड वळतबी नाहीत या दिवसांत, आन् ते औषध डोळ्याजवळ कशाले आणाचं?"

आमच्या गल्लीतली एक सातव्या महिन्यातली मुलगी डोहाळजेवणासाठी हट्ट करून बसली होती. मित्रानं तिला आडवं केलंच नाही. खुर्चीत डाव्या कुशीला टेकवून, पाठीशी तीन उश्या लावून बसवलं, कडेच्या चारच पापण्या लावल्या आणि त्याही दर वीस मिनिटांनी तिला उठवून, खोलीत फिरवून, पाणी पाजून. ती मुलगी वैतागून म्हणाली, "ताई, तुम्ही पार्लरवाल्या आहात का नर्स?" मित्रा म्हणाली, "चूप बस वं. तू बसली दोन जीवांची, मी एकटी."

हे सगळं मला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकलेलं होतं, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून पुढचं सांगताना मला अज्ञानाच्या आड लपता येत नाही.

माझी सून श्रुती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि मी दुसऱ्याच महिन्यात कॉलनीभर पेढे वाटले. मी स्वतःला सुधारक समजते. नजर-बिजर मानत नाही. पुढच्या पंधरवड्यात ते राहिलं नाही. त्यानंतर महिनाभर दार वाजलं की कोणीतरी पेढ्यांची आठवण काढून हळहळायला आलेलं असायचं, आणि श्रुती आतल्या खोलीत जाऊन बसायची. एका बाईनं मला म्हटलं, "वाटायची घाई केली वं तू." त्या दिवशी माझी सुधारणा संपली.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा श्रुतीनं निखिलला आणि मला शपथच घातली. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणालाही नाही. तिच्या आईलासुद्धा नाही. मी शपथ घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळली. नेमकी नको तिथं.

माझी नणंद विमलताई गांधीबागेत राहते. त्यांचं कापडाचं दुकान आहे. तिच्या मुलीचं लग्न होतं. श्रुतीला सगळ्यांसमोर नीट दिसायचं होतं, कारण मधल्या त्या दुखण्यानंतर ती पहिल्यांदाच नातेवाइकांत जाणार होती. पापण्या लावते म्हणाली. मित्राकडे तिनं आधी दोनदा लावल्या होत्या, काही झालं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ आपण.

लग्नाच्या आदल्या दिवशी गेलो. मित्रानं पडदा ओढला आणि मला म्हणाली, "काकू, तुमी बाहेर."

मी म्हटलं, "मी काय परकी आहे?" आणि आत घुसून स्टुलावर बसले.

मित्रानं श्रुतीला विचारलं. श्रुतीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हिला आता खोटं बोलावं लागेल, ते आपणच बोलून टाकावं. मी हसले. म्हटलं, "नाही गं बाई, काही नाही. असतं तर तुला पेढे नसते का मिळाले? मला ओळखत नाहीस का तू?"

मित्राचा हात चिमट्यावर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग श्रुतीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"ठिपका लावू का नवा?"

"लग्न उद्या आहे," मी म्हटलं. "आणि चारच महिन्यांपूर्वी लावल्यास की तू. तोच ग्लू, तेच डोळे."

"काकू म्हणतात त झालं," ती म्हणाली आणि खुर्ची मागे केली.

सकाळी श्रुती खोलीतून बाहेर आली ती भिंत धरून. दोन्ही डोळे सुजून बंद झालेले, पापण्यांच्या कडा लालभडक. "आई, याचं काही बाळाला..." एवढंच म्हणाली. मी धावत रस्ता ओलांडला. मित्रा केस विंचरत होती, तशीच आली. बघितलं. हात लावला नाही. "मी नाही काढत. काढाच्या औषधाचाबी वास असते. पयले डोळ्याच्या डॉक्टरकडे चला," म्हणाली. रिक्षाही तिनंच थांबवली.

डॉक्टरांनी तपासलं आणि औषध लिहिण्यापूर्वी पेन थांबवून विचारलं, "दिवस वगैरे गेलेत का?"

मित्रा माझ्या शेजारी उभी होती. मी म्हटलं, "हो. दुसरा महिना संपत आलाय."

डॉक्टरांनी श्रुतीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावला, बोलून घेतलं, मग चालतील असे थेंब दिले, पापण्या अलगद काढल्या. म्हणाले, बाळाला यानं काही होणार नाही, सूज चार दिवसांत उतरेल. मग ते मित्राकडे वळले. "तुम्हीच लावल्या का? गिऱ्हाइकाला आधी विचारत नाही तुम्ही?"

मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होते. खालची ओळ मला दिसत नाही, तरी वाचत होते.

मित्रा म्हणाली, "चुकलं, सर."

परत येताना रिक्षात ती एकदाच बोलली. "तीन महिने होऊ द्या काकू. मग सांगा, कोणाले सांगाचं ते." मी मान हलवली. मनात म्हटलं, किती शहाणी बाई आहे.

संध्याकाळी लग्न. विमलताईकडच्या बायकांना तयार करायला मी मित्रालाच सांगून ठेवलेलं होतं. ती आली. श्रुती काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसली होती. विमलताईनं तो उतरवला आणि खोलीतल्या दहा-बारा बायका गोळा झाल्या.

"अगं बाई! हे कोणी केलं?"

कोणीतरी मित्राकडे बोट दाखवलं.

"काही तपासलं नाही? विचारलं नाही? लोकांच्या डोळ्यांशी खेळता तुम्ही? उद्या आंधळी झाली असती तर?" विमलताईचा आवाज मुळातच दुकानातल्या वरच्या फळीपर्यंत पोचणारा. एक मुलगी मोबाइलवर श्रुतीच्या डोळ्यांचा फोटो काढत होती.

मित्रानं एकदा श्रुतीकडे पाहिलं. श्रुती रडत होती. एक वाक्य पुरेसं होतं, "मी विचारलं होतं, काकूंना विचारा." ते वाक्य उच्चारलं असतं तर मागाहून दुसरा प्रश्न आला असता, काय विचारलं होतं म्हणून. आणि मग श्रुतीची शपथ त्या दहा-बारा बायकांत वाटली गेली असती, पेढ्यांसारखी.

"माह्याकडून चुकलं ताई," ती म्हणाली. चिमटे एकेक करून डब्यात ठेवले, डबा पिशवीत घातला आणि माणसांमधून वाट काढत गेली. मी साडीच्या निऱ्या नीट करत होते. त्या नीटच होत्या.

तो फोटो आधी आमच्या घरच्या ग्रुपवर आला, मग कोणी पाठवला देव जाणे, कॉलनीच्या बायकांच्या ग्रुपवर आला. खाली इशारा, पार्लरच्या नावासकट. त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं चित्र टाकणारी मीच. त्या दिवशी फूल टाकलं नाही. एवढाच माझा निषेध.

तीन महिने झाले. पेढे वाटले. आता ग्रुपवर खरं काय ते लिहायचं, असं ठरवून बसले. तर वाटलं, पाचवा लागू दे. मग वाटलं, डोहाळजेवण होऊन जाऊ दे, उगाच चर्चा नको. मग बाळंतपण. मी संदेश लिहायचे, वाचायचे, पुसायचे. एकदा तर लिहिलेला पूर्ण संदेश चुकून ह्यांना पाठवला. ते म्हणाले, "चांगला आहे. पण हा मला कशाला?" मी म्हटलं, "शुद्धलेखन तपासा." त्यांनी एक वेलांटी सुधारून परत पाठवला. तोही तसाच राहिला.

समोर गिऱ्हाईक कमी होत गेलं. मित्रा दार उघडून बसायची, खिडकी उघडायची. मी दिसले की "काकू, श्रुती बरी आहे न?" एवढं विचारायची आणि मी "हो हो" म्हणून भाजी गॅसवर असल्यासारखी पळायचे. श्रुतीला सातवा होता तेव्हा एक दिवस मित्राची खुर्ची टेम्पोत चढताना गच्चीवरून पाहिली. खाली उतरेपर्यंत टेम्पो वळला होता. गुडघ्यांना दोष दिला.

श्रुतीला मुलगी झाली. बारशाला विमलताई आली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातला झारा खाली ठेवला. "मग तेव्हा बोलली का नाहीस वहिनी?" मी तो झारा उचलून धुवायला घेतला.

पत्ता काढून कोराडीला गेले. मित्रा भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होती. बाहेरच्या व्हरांड्यात आरसा, एक प्लास्टिकची खुर्ची, दोऱ्याची रिळं. एका बाईच्या भुवया करत होती. मला पाहून तिनं त्या बाईला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि आतून पाणी आणलं. बसमध्ये पाठ केलेलं माझं भाषण होतं. मी म्हटलं, "फारच ऊन आहे गं."

"आहे न. लेकरू कसं आहे?"

फोटो दाखवला. तिनं हात पुसून मोबाइल घेतला, फोटो मोठा केला, डोळ्यांपाशी नेऊन बघत राहिली. "पापण्या पाहा न काकू किती लांब! हिले कोणाची गरज नाही."

मग मला बोलता आलं. "मित्रा, मी खोटं बोलले होते. तू विचारलं होतंस. मी लोकांसमोर गप्प बसले."

"माहीत आहे मले."

"तू तरी का नाही बोललीस? माझं नाव घ्यायचं होतंस."

तिनं मोबाइल परत दिला. "तुमचं नाव घेऊन काय करू? चूक माहीच होती. मले पडद्यातच शंका आली होती काकू. तुमी जरा जास्तच हसल्या. पण तुमाले खोटं कसं म्हणू, असं वाटलं. मोठ्या बाई, रोजची ओळख. मान ठेवला तुमचा, अन् तिच्या डोळ्यावर काम केलं. असं कराले नाही पाह्यजे होतं." मग म्हणाली, "म्हणून सोडलं ते. आता हात चालत नाही त्याच्यावर. समोरची 'नाही' म्हणाली तरी खरं नाही वाटत, 'हो' म्हणाली तरी नाही."

मी म्हटलं, "आज ग्रुपवर सगळं लिहिते. नावानिशी."

"तुमाले बरं वाटत असन त लिहा," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या बाईची दुसरी भुवई तशीच राहिली होती, तरी मित्रा मला बसपर्यंत सोडायला आली. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, झाडांच्या पानांवर राखेचा थर होता. बस आली तशी तिनं माझी पिशवी वर दिली, माझ्या कोपराला धरून मला पायरीवर चढवलं. "हळू, काकू." खिडकीतून पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला डोळ्यांवर आडवा हात धरून उभी होती. तिनं हात हलवला नाही. बस निघाल्यावर वळली आणि भरभर चालत गेली, खुर्चीत कोणी अर्धं काम झालेलं बसलंय, अशा घाईनं.

मी चष्मा लावला आणि संदेश लिहिला. माझं खोटं, तिचा प्रश्न, डॉक्टरांकडचं, लग्नातलं, सगळं. या वेळी पुसला नाही. पाठवून दिला.

उतरायचा स्टॉप, बर्डी, येईपर्यंत उत्तरं आली. दोघींनी हात जोडले होते. एकीनं लिहिलं, "छान लिहिता काकू." मग कॉलनीत नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, "सॉरी, पण ही मित्रा कोण?"

मी वाट पाहिली. कोणीतरी सांगेल असं वाटलं. दोनशे बायकांचा ग्रुप आहे आमचा. मागून उतरणाऱ्यांनी ढकललं तरी मी बसच्या पायरीवर मोबाइल धरून उभी होते, आणि त्या प्रश्नाखाली कोणाचंच उत्तर येत नव्हतं.